विल्यम ट्यूक : बेड्या सोडविणारा चहाचा व्यापारी

गरसेकरांच्या प्रांतात कबरांमध्ये राहणाऱ्या, साखळदंडांनाही न जुमानणाऱ्या त्या मनुष्याची हकीकत आपण उपासनेत कितीदा तरी ऐकली असेल. प्रभूने त्यास त्याचे नाव विचारले, हे मात्र क्वचितच आपल्या ध्यानात येते. अठराव्या शतकातील इंग्लंडात मनोरुग्णाचे नाव विचारणारे थोडेच होते. बुद्धी गेली म्हणजे मनुष्य पशू झाला, अशा समजुतीने बेड्या आणि अंधारी कोठडी त्याच्या वाट्यास येई.

अशा काळी, १७३२ मध्ये, यॉर्क शहरी विल्यम ट्यूक यांचा जन्म झाला. ते वैद्य नव्हते. चहाचे व्यापारी व क्वेकर मंडळीचे निष्ठावंत सभासद होते. १७९० मध्ये हॅना मिल्स ही लीड्सची क्वेकर विधवा यॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल झाली. मंडळीतील लोक तिला भेटावयास गेले, परंतु त्यांना भेट नाकारण्यात आली. काही आठवड्यांतच ती तेथे मरण पावली.

हे शल्य ट्यूक यांच्या मनातून जाईना. १७९२ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांनी स्वतंत्र आश्रयगृहाचा प्रस्ताव मंडळीपुढे ठेवला. अनेकांनी शंका काढल्या, देणग्याही सावकाश आल्या. पण ते मागे हटले नाहीत. १७९६ मध्ये ‘रिट्रीट’, अर्थात विसाव्याचे स्थान, उघडले.

तेथे बेड्या नव्हत्या. खिडक्यांच्या लोखंडी चौकटी लाकडी भासतील अशा केल्या होत्या. रुग्ण बागेत काम करीत, शिवण करीत, ससे व कोंबड्या पाळीत. चांगला पोशाख करून चहापानास बसत. डॉक्टर थॉमस फाउलर यांनी त्या काळची औषधे देऊन पाहिली आणि त्यांपैकी बहुतेक निरुपयोगी असल्याचे प्रामाणिकपणे मान्य केले. व्यवस्थापक जॉर्ज जेप्सन व मेट्रन कॅथरिन ॲलन यांनी सहवास, शिस्त आणि ममता हेच औषध मानले. क्वचित प्रसंगी हिंसक रुग्णास बांधावे लागे, हेही खरे. तथापि तो नियम नव्हे, अपवाद होता. आज मनोरुग्ण परिचारिका व व्यवसायोपचारतज्ज्ञ जे कार्य करतात, त्याचे बीज आपल्याला येथे दिसेल.

नातू सॅम्युएल यांनी १८१३ मध्ये या कार्यावर ग्रंथ लिहिला. १८१५ मध्ये त्र्याऐंशी वर्षांच्या ट्यूक यांनी संसदीय समितीपुढे साक्ष दिली. १८१७ मध्ये फिलाडेल्फियात याच धर्तीचे रुग्णालय उघडले. १८२२ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, ट्यूक प्रभूच्या विसाव्यात गेले. रिट्रीटमधील आंतररुग्ण सेवा २०१८ मध्ये थांबली; विचार मात्र थांबला नाही.

वाचकहो, आपल्या मंडळीत ताप व कर्करोगाच्या रुग्णांची नावे प्रार्थनेत निःसंकोच घेतली जातात. मन आजारी असलेल्याचे नाव मात्र घरचेच लपवितात. बेड्या लोखंडाच्याच असतात असे नाही. येत्या रविवारी आपण त्याच्या घरी जाल काय? दार उघडले, तर प्रथम त्यास त्याच्या नावाने हाक मारा.