मेंदूचे राखणदार शोधणारा खेड्यातला डॉक्टर

पिकाला राखणदार लागतो तसे आपल्या मेंदूलाही राखणदार आहेत. ते जगाला दाखवले स्पेनच्या पिओ देल रिओ होर्तेगा यांनी.

त्यांचा जन्म १८८२ चा, वायादोलिद प्रांतातल्या पोर्तिल्यो गावचा. डॉक्टर झाल्यावर काही काळ त्यांनी गावातच डॉक्टरकी केली. पण ओढ सूक्ष्मदर्शकाची. मग माद्रिद गाठलं. तिथे नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ काहाल यांच्या प्रयोगशाळेत काम मिळालं.

मेंदूत मज्जापेशींच्या अधेमधे काही बारीक पेशी असतात. त्या काहाल यांनाही नीट दिसल्या नव्हत्या. होर्तेगांनी चांदीच्या क्षाराने पेशी रंगवायची नवी रीत काढली आणि १९१९ मध्ये त्या ओळखून दाखवल्या. नाव दिलं मायक्रोग्लिया.

एरवी या पेशी फांद्या पसरून असतात. मेंदूला मार लागला किंवा विष चढलं की फांद्या आखडून गोल होतात, जखमेकडे सरकतात आणि मेलेल्या पेशींचा कचरा खाऊन टाकतात. बाळ पोटात असतानाच त्या बाहेरून मेंदूत येतात, असं होर्तेगांचं म्हणणं होतं. पुढे ते खरं ठरलं.

पण १९२० मध्ये काहाल यांनी त्यांना प्रयोगशाळेतून काढलं. त्यांनी दुसरीकडे काम चालूच ठेवलं. नोबेलसाठी नाव गेलं, मिळालं नाही. १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि देश सुटला. पॅरिस, ऑक्सफर्ड करत ते अर्जेंटिनात पोचले. १९४५ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या अस्थी मायदेशी आल्या त्या १९८६ मध्ये.

त्यांच्यानंतरच्या संशोधकांना आणखी एक गोष्ट कळली. विषाचा मारा थांबलाच नाही तर हेच राखणदार सूज धरून ठेवतात आणि चांगल्या मज्जापेशींनाही इजा करतात.

आपल्यासाठी मुद्दा इथेच आहे. आपण फवारतो त्यातली बरीच कीटकनाशकं किडीच्या मज्जातंतूंवर घाव घालतात, आणि ती माणसालाही सोडत नाहीत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना शेतकरी दगावले, ते आपण विसरलेलो नाही. तेव्हा मास्क, हातमोजे घाला, वाऱ्याच्या तोंडावर फवारू नका. चक्कर, मळमळ, अंधारी आली तर पंप उतरवा, कपडे बदला, अंग धुवा आणि औषधाचा डबा घेऊन लगेच दवाखाना गाठा.