जॅकी रॉबिन्सन : मौनाचा करार

बेसबॉल हा अमेरिकेचा जिव्हाळ्याचा खेळ. आपल्याकडे क्रिकेटला जे स्थान आहे, तेच तिथे बेसबॉलला. परंतु विसाव्या शतकाची जवळजवळ पहिली पन्नास वर्षे या खेळाच्या सर्वोच्च स्पर्धांमध्ये, म्हणजे मेजर लीगमध्ये, एकही कृष्णवर्णीय अमेरिकी खेळाडू नव्हता. तसा लेखी नियम मात्र कुठेही नव्हता. संघांच्या मालकांनी आपापसांत पाळलेला तो एक संकेत होता. असा संकेत मोडणे लेखी नियम मोडण्यापेक्षा कठीण असते. कारण त्याचा जाब विचारावा, असा जबाबदार माणूसच समोर सापडत नाही. कृष्णवर्णीयांचे संघ वेगळे, त्यांच्या स्पर्धा वेगळ्या आणि त्यांचे उत्पन्नही तुटपुंजे. १९४७ साली हा संकेत ज्यांच्या रूपाने मोडला गेला, ते खेळाडू म्हणजे जॅकी रॉबिन्सन.

जॅकीचा जन्म ३१ जानेवारी १९१९ रोजी जॉर्जिया राज्यातील केरो या गावाजवळ झाला. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करीत. जॅकी वर्षाचा झाला न झाला तोच वडील घर सोडून गेले. आई मॅली हिने धीर सोडला नाही. पाच मुलांना घेऊन ती १९२० साली आगगाडीने थेट दुसऱ्या टोकाच्या कॅलिफोर्नियात, पासाडिना या शहरी आली आणि लोकांच्या घरची कामे करून तिने मुले वाढवली. दक्षिणेकडील उघड जाच इथे नव्हता, तरी भेदभाव होताच. नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर कृष्णवर्णीय मुलांना आठवड्यातून एकच दिवस प्रवेश मिळे. जॅकीचा थोरला भाऊ मॅक याने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये दोनशे मीटर धावण्याच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवले. त्याच्या पुढे होता तो केवळ जेसी ओवेन्स. पदक घेऊन मॅक गावी परतला, तेव्हा त्याला काम मिळाले ते रस्ते झाडण्याचे. खेळाच्या मैदानावरचा मान मैदानाबाहेर किती पुरतो, हे जॅकीने घरातच पाहिले होते.

लॉस एंजेलिस येथील विद्यापीठात त्याने फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल आणि मैदानी शर्यती अशा चार खेळांत विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केले. असा मान मिळवणारा तो तिथला पहिलाच विद्यार्थी होता. पदवी मात्र पूर्ण झाली नाही. १९४२ साली महायुद्धाच्या काळात तो सैन्यात दाखल झाला आणि पुढच्याच वर्षी अधिकारी बनला.

६ जुलै १९४४ रोजी टेक्सासमधील लष्करी छावणीच्या बसमध्ये एक प्रसंग घडला. चालकाने या तरुण अधिकाऱ्याला मागच्या बाकावर जाऊन बसण्याचा हुकूम सोडला. रॉबिन्सन यांनी साफ नकार दिला. शब्दाला शब्द वाढला, वरिष्ठ आले आणि प्रकरण कोर्ट मार्शलपर्यंत गेले. लष्करी न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. परंतु तोवर त्यांची तुकडी त्यांच्यावाचून युद्धभूमीकडे निघण्याच्या मार्गाला लागली होती. हा प्रसंग नीट ध्यानात ठेवला पाहिजे. पुढे ज्यांच्या सहनशीलतेची जगभर वाखाणणी झाली, तो माणूस स्वभावाने सहनशील मुळीच नव्हता.

सैन्यातून बाहेर पडल्यावर १९४५ साली रॉबिन्सन कृष्णवर्णीयांच्या लीगमधील कॅन्सस सिटी मोनार्क्स या संघाकडून खेळू लागले. त्याच वर्षी २८ ऑगस्टला ब्रुकलिन डॉजर्स संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी त्यांना आपल्या कार्यालयात बोलावून घेतले. रिकी धार्मिक वृत्तीचे होते आणि पक्के व्यवहारीही होते. वर्णभेद त्यांना मनापासून सलत असे. शिवाय कृष्णवर्णीय खेळाडू घेतल्यास संघ बळकट होईल आणि प्रेक्षक वाढतील, हा हिशेबही त्यांच्या मनात होता. भेटीत खेळाची चर्चा थोडीच झाली. रिकी यांनी अंगातला कोट काढून जणू नाटकच सुरू केले. कधी ते उर्मट हॉटेल व्यवस्थापक झाले, कधी शिव्या देणारा प्रतिस्पर्धी, कधी मुद्दाम अंगावर येणारा खेळाडू. अपमानाची एकेक तऱ्हा त्यांनी त्या तरुणापुढे उभी केली. त्यांना हवा होता तो उलट हात न उगारण्याइतके धैर्य असलेला माणूस. एकदा जरी रॉबिन्सन भडकले, तरी कृष्णवर्णीयांना या खेळात जागाच नको, असे म्हणणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत मिळणार होते. रॉबिन्सन यांनी विचार केला आणि पहिली काही वर्षे काहीही झाले तरी गप्प राहण्याचे वचन दिले.

१९४६ चा हंगाम ते डॉजर्सच्या कॅनडातील दुय्यम संघाकडून, मॉन्ट्रियल रॉयल्सकडून खेळले. त्या वर्षी फेब्रुवारीत रेचेल इसम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सराव शिबिरासाठी फ्लोरिडाला जाताना या नवदांपत्याला विमानातून उतरवून गोऱ्या प्रवाशांना जागा देण्यात आली. पुढचा प्रवास त्यांनी बसच्या मागच्या बाकावर बसून केला. दोनच वर्षांपूर्वी मागच्या बाकावर बसायला नकार देणारा हाच तो माणूस! वचनाची किंमत किती असते, हे त्या प्रवासात त्यांना कळले असेल. मॉन्ट्रियलमध्ये मात्र लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. हंगामाच्या अखेरीस संघ विजेता ठरला, तेव्हा आनंदाने वेडे झालेले चाहते रस्त्यातून त्यांच्यामागे धावत सुटले होते.

१५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनच्या एबिट्स फील्ड मैदानावर जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमधील पहिला सामना खेळले. त्यांच्या पाठीवर ४२ हा क्रमांक होता. पन्नास वर्षांनी, १९९७ साली, हा क्रमांक सर्व संघांतून कायमचा निवृत्त करण्यात आला. परंतु त्या पहिल्या वर्षी स्थिती वेगळी होती. स्वतःच्या संघातल्या काही खेळाडूंनी त्यांच्याबरोबर खेळण्याविरुद्ध अर्ज फिरवला होता. व्यवस्थापकाने तो हाणून पाडला. सेंट लुईसचे खेळाडू संप करणार अशी वार्ता उठली, तेव्हा लीगच्या अध्यक्षांनी निलंबनाची तंबी दिली. धमकीची पत्रे तर नित्याचीच झाली.

सर्वांत कठीण कसोटी पहिल्या सामन्यानंतर आठवड्याभरातच लागली. फिलाडेल्फिया संघाचे व्यवस्थापक बेन चॅपमन आणि त्यांचे खेळाडू रॉबिन्सन यांच्या वर्णावरून, कुळावरून एकसारखे घाणेरडे ओरडत राहिले. हातातली फळी टाकून त्या घोळक्यावर धावून जावे, असे क्षणभर आपल्या मनात आल्याचे रॉबिन्सन यांनी पुढे लिहिले आहे. ते गेले नाहीत. अखेर त्यांचा सहकारी एडी स्टँकी याने न राहवून त्या मंडळींना सुनावले. ज्याला बोलण्याची मुभा होती, तो बोलला. आणि संघ एक झाला तो तिथून. प्रकरण वृत्तपत्रांतून गाजल्यावर चॅपमन यांची अब्रू सावरण्यासाठी दोघांचे एकत्र छायाचित्र काढण्याची कल्पना निघाली. एकच बॅट दोघांनी धरली आहे, असे ते छायाचित्र आहे. रॉबिन्सन त्यालाही तयार झाले. मौनाच्या करारात नुसते गप्प राहणे पुरत नाही. कधीकधी अपमान करणाऱ्याच्या शेजारी उभेही राहावे लागते.

त्यांचा खेळ मात्र गप्प नव्हता. फलंदाजाने चेंडू टोलवण्याआधीच, चेंडू टाकणाऱ्याला चकवून पुढचा बेस गाठणे ही बेसबॉलमधील अवघड कला. रॉबिन्सन यांनी त्या हंगामात असे २९ बेस पटकावले. लीगमध्ये तो सर्वाधिक आकडा होता. वर्षातील सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा बहुमान त्यांना मिळाला. १९४९ साली ते आपल्या लीगचे सर्वांत मोलाचे खेळाडू ठरले. त्याच सुमारास रिकी यांनी त्यांना वचनातून मोकळे केले. आता रॉबिन्सन पंचांशी वाद घालू लागले, शेरेबाजीला उत्तर देऊ लागले, खेळाडूंना वेगळे ठेवणाऱ्या हॉटेलांबद्दल उघड बोलू लागले. काल त्यांच्या संयमाचे गोडवे गाणाऱ्या काही वृत्तपत्रांना आज ते उद्धट वाटू लागले. गोरा खेळाडू पंचांवर चिडला, तर त्याला जिद्दी म्हणायचे आणि कृष्णवर्णीय चिडला, तर त्याला कृतघ्न ठरवायचे, असा हा न्याय होता.

याच वर्षी त्यांच्या आयुष्यातली, त्यांना पुढे सलत राहिलेली घटना घडली. थोर कृष्णवर्णीय गायक पॉल रोबसन यांचे नाव भारतातही अनेकांच्या परिचयाचे आहे. अन्यायाने पिचलेले कृष्णवर्णीय लोक सोव्हिएत रशियाविरुद्ध लढायला तयार होणार नाहीत, अशा आशयाचे भाषण त्यांनी पॅरिसमध्ये केल्याचे प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेत गदारोळ उठला. अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीने रॉबिन्सन यांना साक्षीसाठी पाचारण केले. १८ जुलै १९४९ रोजी त्यांनी निवेदन वाचले. रोबसन यांचे ते म्हणणे आपल्याला मान्य नसल्याचे त्यांनी सांगितले; परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहीत. वर्णद्वेष ही कम्युनिस्टांनी उठवलेली आवई नसून रोजचे वास्तव आहे आणि कम्युनिस्ट नसते तरी कृष्णवर्णीय त्याविरुद्ध झगडले असते, हेही त्यांनी ठणकावले. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत पहिला भाग झळकला. दुसरा मागे पडला.

खेळाडूंनी राजकारणात पडू नये असा उपदेश एरवी पुष्कळांच्या तोंडी असतो. त्या दिवशी तो फारसा ऐकू आला नाही. कारण त्या दिवशी सत्तेला त्यांचे बोलणे हवे होते. पुढच्याच वर्षी सरकारने रोबसन यांचे पारपत्र रद्द केले. दैवदुर्विलास असा, की १९४३ साली बेसबॉलची दारे कृष्णवर्णीयांना उघडा, असे संघमालकांच्या बैठकीत जाऊन सांगणाऱ्यांत हेच पॉल रोबसन होते. असे निमंत्रण पुन्हा आले, तर आपण ते नाकारू आणि रोबसन यांच्याविषयी आपला आदर वाढला आहे, अशी कबुली रॉबिन्सन यांनी १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात दिली. तोवर तेवीस वर्षे उलटली होती.

दहा हंगाम खेळून आणि १९५५ चे जगज्जेतेपद संघासोबत मिळवून रॉबिन्सन निवृत्त झाले. १९५७ पासून ते एका कॉफी कंपनीचे उपाध्यक्ष होते. पण त्यांचा बराचसा वेळ नागरी हक्कांच्या चळवळीसाठी निधी गोळा करण्यात जाई. १९५८ साली अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी कृष्णवर्णीयांना धीर धरण्याचा सल्ला दिला, तेव्हा रॉबिन्सन यांनी त्यांना पत्र लिहून आणखी किती धीर धरायचा, असा रोखठोक सवाल केला. धीर म्हणजे काय हे त्या पत्रलेखकाहून अधिक कोणाला ठाऊक असणार! १९६३ साली वॉशिंग्टनच्या मोर्चात ते मुलांसह सामील झाले. त्याच वर्षी त्यांच्या घरच्या हिरवळीवर संगीताचे कार्यक्रम होऊ लागले आणि त्यांतून चळवळीसाठी पैसा उभा राहिला.

त्यांची प्रत्येक भूमिका अचूक ठरली असे नव्हे. १९६० च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांनी निक्सन यांचा प्रचार केला आणि नंतर त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला. माल्कम एक्स यांच्याशी त्यांचे वर्तमानपत्रांतून जोरदार खटके उडाले. व्हिएतनाम युद्धाच्या प्रश्नावर १९६७ साली त्यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशीही जाहीर मतभेद व्यक्त केले. त्यांचा स्वतःचा मुलगा त्याच युद्धात जखमी होऊन, व्यसनाच्या विळख्यात सापडून परतला होता. व्यसनातून तो मोठ्या कष्टाने बाहेर पडला आणि १९७१ साली मोटार अपघातात दगावला. बोलणाऱ्याच्या चुका दिसतात आणि मोजल्या जातात. गप्प राहणाऱ्याच्या चुका कुणी मोजत नाही, एवढाच काय तो फरक.

१५ ऑक्टोबर १९७२ रोजी सिनसिनाटी येथे अंतिम मालिकेच्या सामन्याआधी त्यांच्या पदार्पणाला पंचवीस वर्षे झाल्याबद्दल सत्कार झाला. मधुमेहाने शरीर खिळखिळे झाले होते, दृष्टी जवळजवळ गेली होती, केस पांढरे झाले होते. वय अवघे त्रेपन्न. अशा समारंभात आभार मानून खाली बसण्याचा शिरस्ता असतो. रॉबिन्सन यांनी आभार मानले. मग ते म्हणाले, की संघाचा व्यवस्थापक म्हणून एखादा कृष्णवर्णीय चेहरा मैदानाकडेला उभा दिसेल, त्या दिवशी आपल्याला याहून अधिक आनंद होईल. तोवर मेजर लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय व्यवस्थापक नेमला गेला नव्हता.

नऊ दिवसांनी, २४ ऑक्टोबर रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले.

८ एप्रिल १९७५ रोजी क्लीव्हलँडच्या मैदानावर फ्रँक रॉबिन्सन हे मेजर लीगमधील पहिले कृष्णवर्णीय व्यवस्थापक म्हणून उतरले. नाव एकच असले, तरी दोघांचे नाते काही नव्हते. त्या सामन्याच्या प्रारंभी मानाचा पहिला चेंडू रेचेल रॉबिन्सन यांनी टाकला.