मोटारीच्या काट्यामागचा लोहारपुत्र

जुन्या मोटारीचा वेग दाखविणारा काटा बंद पडला की बहुतेक मंडळी आधी मीटरच्या काचेवर टिचकी मारतात. काटा क्षणभर थरथरतो आणि पुन्हा शून्यावर जाऊन बसतो. करामातील आमच्या वाचकांपैकी कुणाच्या गावी वडिलांची कुर्ल्याला बनलेली फियाट अजून उभी असेल, कुणी इथेच हौसेने जुनी गाडी सांभाळली असेल. अशांसाठी आज आम्ही ज्या थोर पुरुषाची ओळख करून देत आहोत, त्यांच्या हयातीत आजच्यासारखी मोटार रस्त्यावर आलीच नव्हती. तरीही हा काटा हलतो तो त्यांनीच उलगडलेल्या नियमाने. त्यांचे नाव मायकेल फॅरडे.

फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ झाला. वडील लोहार, प्रकृतीने अधू. घरात अठराविश्वे दारिद्र्य. शिक्षण म्हणाल तर जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरते. चौदाव्या वर्षी ते एका बाइंडरकडे उमेदवारीला लागले. बांधणीला आलेली पुस्तके ते बांधीत आणि वाचूनही काढीत. विजेची गोडी त्यांना तिथेच लागली. १८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर त्यांनी सर हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली. त्यांची टिपणे काढून, स्वतःच्या हाताने सुबक बांधून ती डेव्हींकडे पाठविली. मार्च १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत त्यांना मदतनिसाची जागा मिळाली. पुढे डेव्हींबरोबर युरोपच्या प्रवासात त्यांना नोकराचीही कामे करावी लागली. परमुलखातला तो कमीपणा त्यांनी सोसला आणि विद्या तेवढी पदरात पाडून घेतली.

१८२४ साली फ्रान्समध्ये आरागो यांनी एक चमत्कार पाहिला होता. तांब्याची तबकडी फिरविली की वर टांगलेली चुंबकसूची तिला न शिवताच तिच्यामागून फिरू लागे. याचे कारण कुणाला सांगता येईना. ते फॅरडे यांनी १८३१ साली सांगितले. चुंबक आणि धातू यांपैकी एक दुसऱ्याजवळून हलले की धातूत वीज उत्पन्न होते, आणि त्या विजेमुळे एक दुसऱ्याला आपल्याबरोबर ओढू पाहतो. फॅरडे यांना उच्च गणित येत नव्हते. हाताने प्रयोग करीतच ते या सत्यापर्यंत पोहोचले.

याच तत्त्वावर जर्मनीच्या ओटो शुल्झे यांनी १९०२ साली वेगमापकाचे पेटंट घेतले. गिअरबॉक्सपासून निघालेली केबल मीटरमधील चुंबक फिरविते. त्याभोवती अॅल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा स्पर्श होत नाही, पण वाटी ओढली जाते आणि तिला जोडलेला काटा चढतो. केसासारखी बारीक स्प्रिंग त्याला मागे खेचते. वेग जितका जास्त, तितकी ओढ जास्त.

हे ध्यानात आले की बिघाड शोधणे सोपे जाते. काटा आणि किलोमीटरचे आकडे दोन्ही थांबले, तर बहुधा केबल तुटली असते किंवा गिअरबॉक्सकडील दातेरी चाक झिजले असते. केबल मीटरकडून सोडवावी आणि गाडी हळू चालवून आतली तार फिरते का ते पाहावे. तार फिरत असेल तर दोष मीटरकडे. आकडे फिरतात पण काटा मेलेला आहे, तर केबलला दोष देऊ नये. वाटी, स्प्रिंग किंवा चुंबक तपासावे. काटा नाचत असेल तर केबल कोरडी पडली आहे किंवा कुठे मुरडली आहे असे समजावे. तार पुसून ग्रीस लावावे, पण बेताने. मीटरकडील टोकाला तर लावूच नये, नाहीतर ते वर चढून वाटीत शिरते. स्प्रिंगला मात्र नवशिक्याने हात लावू नये. ते काम जाणत्या कारागिराचे.

फॅरडे यांनी आपल्या शोधांवर पैसा करण्याचे मनात आणले नाही. सर ही पदवी त्यांनी नाकारली, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद दोनदा नाकारले. क्रिमियाच्या युद्धासाठी विषारी वायू बनविण्याच्या कामी सरकारने त्यांना विचारले, तेव्हाही त्यांनी नकार दिला. मुलांसाठी नाताळात व्याख्याने देण्यास मात्र ते वर्षानुवर्षे उभे राहिले. उतारवयात स्मरणशक्ती त्यांना दगा देऊ लागली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी, राणीने दिलेल्या हॅम्प्टन कोर्ट येथील घरी, खुर्चीत बसल्या बसल्याच त्यांचा अंत झाला. राजेरजवाड्यांच्या शेजारी वेस्टमिन्स्टरमध्ये जागा मिळू शकत असताना, लंडनच्या हायगेट दफनभूमीत एका साध्या दगडाखाली त्यांनी विसावा घेतला.