तीन समुद्रांचा राजा आणि एक पडीक शेत

येलदरीच्या धरणात अडवलेली आमची पूर्णा पुढे गोदावरीला मिळते. त्याच गोदावरीच्या काठी, पैठणला, सातवाहनांची राजधानी होती. या घराण्यातला सर्वात पराक्रमी राजा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी.

शाळेत आपण एवढंच पाठ केलं, की त्याचे घोडे तीन समुद्रांचं पाणी प्यायले. हे वर्णन नाशिकच्या पांडवलेण्यांत, तीन नंबरच्या लेण्यात कोरलेलं आहे. आणि ते कोरून घेतलं त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने! मुलगा गेलेला, नातू पुळुमावीच्या राज्याचं १९ वं वर्ष चालू. लेखात तिचा मुलगा देखणा आहे, आईची सेवा करणारा आहे, न्यायाने कर घेणारा आहे. त्याने क्षहरातांचा वंश समूळ संपवला असं लिहिलंय, आणि अपराधी शत्रूलाही मारणं त्याला आवडत नसे, असंही! दोन्ही एकाच लेखात. शेवटी आईचंच मन ते.

विजय मात्र खरा होता. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षहरात राजा नहपानाची १३,००० च्या वर नाणी सापडली. त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप मारलेला आहे.

साधारण त्याच काळात तिकडे ग्रीसमध्ये प्लुटार्क अलेक्झांडरचं चरित्र लिहीत होता. अलेक्झांडर वारला इ.स.पू. ३२३ मध्ये, म्हणजे मध्ये चारशे वर्षं गेलेली. प्लुटार्कला काही लपवायची गरज नव्हती. दारूच्या नशेत अलेक्झांडरने आपला मित्र क्लायटस याला भाल्याने ठार केलं, हेही त्याने लिहिलं आणि नंतर राजा किती रडला तेही. त्याचं म्हणणं असं, की मोठ्या लढाईपेक्षा एखाद्या छोट्या गोष्टीतून माणसाचा स्वभाव जास्त कळतो.

हेच माप आपल्या राजाला लावून बघू. त्याच लेण्यात राजाचे स्वतःचे दोन हुकूम आहेत. राज्याच्या १८ व्या वर्षी त्याने लष्करी छावणीतूनच भिक्षूंना एक शेत दिलं. २४ व्या वर्षीचा हुकूम सांगतो, की दिलेलं शेत कुणी कसत नाही, गावात वस्तीच नाही. म्हणून राजा आणि त्याची आई, दोघांनी मिळून शहराच्या हद्दीवरचं सरकारी शेत बदली दिलं.

दिलेलं दान कामाचं नाही हे मान्य करायचं, आणि ते दगडात कोरूनही ठेवायचं! मला तरी तीन समुद्रांपेक्षा हा राजा जास्त पटतो. कधी नाशिकला गेलात, तर तीन नंबरचं लेणं चुकवू नका.