पालवणकर बाळू : चेंडूला विटाळ नव्हता



उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडच्या आमच्या शाळांतील मुलांना फिरकी गोलंदाजांची नावे विचारा. बेदी, प्रसन्ना, कुंबळे, अश्विन अशी नावे ती भराभर सांगतील. पण या सर्वांच्या कितीतरी आधी ज्यांनी आपल्या फिरकीने विलायत गाजविली, त्या पालवणकर बाळूंचे नाव क्वचितच एखाद्याच्या तोंडी येईल. बाळू चांभार समाजाचे होते. त्यांचे चरित्र येथे देण्याचे कारण केवळ क्रिकेट नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ साली नागपूरला दिले, तोच प्रश्न बाळूंसमोर आयुष्यभर उभा होता. त्यांनी त्याचे उत्तर मात्र वेगळे दिले.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. घराणे मूळचे कोकणातील पालवणचे, म्हणून आडनाव पालवणकर. वडील लष्करी नोकरीत होते. सुभेदार रामजींच्या घरात विद्या आली तीही याच नोकरीच्या वाटेने. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत बापाने घाम गाळला म्हणून ज्यांना शिकता आले, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

हे कुटुंब पुण्याला आले. तेथे पारशांच्या क्रिकेट क्लबात बाळूंना मैदान झाडण्याचे व खेळपट्टीवर रोलर फिरविण्याचे काम मिळाले. पगार महिना तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे पगार एक रुपयाने वाढला. खेळपट्टी नीट करावी, जाळी बांधावी आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकावेत, हे त्यांचे काम. त्या काळचा नामांकित फलंदाज जे. जी. ग्रेग तासन् तास त्यांच्या गोलंदाजीवर सराव करी आणि बाद झाला की आठ आणे देई, अशी हकीकत सांगतात. अशा रीतीने एका नोकराचा डावा हात तयार झाला. परंतु त्या क्लबात बाळूंच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. फलंदाजी साहेबांची, गोलंदाजी नोकराची, अशी ती वाटणी होती.

पुण्याच्या हिंदूंनाही आपल्या संघासाठी चांगला गोलंदाज हवा होता. बाळूंना घ्यावे की नाही यावर बरीच खळखळ झाली. शेवटी युरोपियनांना हरविण्याची इच्छा विटाळाच्या भीतीपेक्षा बलवत्तर ठरली. मैदानात बाळूंनी टाकलेला चेंडू सर्व जण हाताळीत, झेलीत, परत फेकीत. चेंडूला विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली की मात्र इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये बसत, आणि बाळूंना चहा बाहेर, मातीच्या फेकून द्यायच्या भांड्यात मिळे. जेवणाचे ताट वेगळे, बसण्याची जागा वेगळी. हात-तोंड धुण्याचे पाणीही अस्पृश्य गड्यानेच आणून द्यायचे. जो माणूस संघाला विजय मिळवून देई, तो विजयाच्या पंक्तीत नसे. ज्यांच्याबरोबर खेळता त्यांच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत का असावी, असा प्रश्न न्यायमूर्ती रानडे यांनीही स्पृश्य खेळाडूंना जाहीरपणे केला होता.

पुण्यात प्लेगची साथ आली त्या सुमारास बाळू मुंबईला आले. बी.बी.सी.आय. रेल्वेत त्यांना नोकरी लागली आणि हिंदू जिमखान्याच्या संघात त्यांचा प्रवेश झाला. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले. त्या विजयात बाळूंच्या फिरकीचा मोठा वाटा होता. धाकटे बंधू शिवरामही त्या संघात होते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरविल्याचा आनंद देशभर झाला, आणि दोघा चांभार भावांच्या वाट्यालाही त्यातले काही कौतुक आले.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला सर्वधर्मीय हिंदी संघ इंग्लंडला गेला. बाळू तेव्हा पस्तिशीचे होते. संघाने २३ सामन्यांपैकी १५ गमावले. पण एकट्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात त्यांनी ८ गडी बाद केले. प्रथम श्रेणीच्या एकूण ३३ सामन्यांत त्यांचे १७९ बळी आहेत, तेही प्रत्येकी केवळ १५ धावांच्या सरासरीने.

ते परतले तेव्हा मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र तरुण भीमरावांनी लिहिले होते, असे अभ्यासक सांगतात. भीमराव त्या वेळी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते. आपल्यातला एक माणूस साहेबांच्या देशात जाऊन नाव काढतो, याचे अप्रूप त्या पिढीला किती वाटले असेल याची आज कल्पनाच करावी.

एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. त्यांच्यापेक्षा कमी अनुभवाचे लोक कर्णधार झाले. त्यांच्यापैकी एम. डी. पै यांनी, हा मान खरा बाळूंचा होता, असे मोकळ्या मनाने सांगितले. १९२० साली बाळूंना संघातूनच वगळण्यात आले आणि त्यांचे बंधू विठ्ठल यांना डावलून दुसऱ्याकडे नेतृत्व दिले गेले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली. मग पुढच्या सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार करावे लागले, आणि पै मैदानाबाहेर गेले असता काही काळ संघ बाळूंच्या हुकमतीखाली खेळला. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले. जे थोरल्या भावाला मिळाले नाही ते धाकट्याला मिळाले, पण त्यासाठी अडून बसावे लागले. विनंतीने मिळाले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

बाळूंनी या अनुभवातून काढलेला निष्कर्ष असा, की हिंदू समाज हळूहळू बदलतो आहे आणि आत राहूनच तो बदलावा. म्हणून १९३२ साली पुणे कराराच्या वेळी ते एम. सी. राजा यांच्यासह गांधीजींच्या बाजूने उभे राहिले. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तिला त्यांनी विरोध केला. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईच्या राखीव जागेसाठी काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली आणि बाळूंना ११,२२५.

ही गोष्ट आपल्याला बोचते. त्यामुळे आपल्यापैकी काही जण बाळूंचे नाव घेत नाहीत. पण अकरा हजार मते ही काही थोडी नव्हेत. त्यांत आपल्यासारख्याच गरिबांची मतेही असणारच. अस्पृश्यांमधील जातीजातींची फूट ज्यांच्या सोयीची होती त्यांनी तिचा उपयोग करून घेतला, आणि बाळूंसारखा सज्जन माणूस त्या डावात प्यादे म्हणून पुढे सरकविला गेला. याचा राग बाळूंवर काढणे मला योग्य वाटत नाही.

दुसरीकडे, बाळूंचे उदाहरण देऊन गुणांपुढे जात टिकत नाही असे सांगणारेही पुष्कळ भेटतात. त्यांनी हिशेब नीट मांडावा. एवढा गुण, एवढे बळी, आणि तरीही कर्णधारपद नाही. ज्याच्या अंगी ११४ बळींचा गुण होता त्याची ही कथा. मग ज्याला जेमतेम शिक्षण आणि दोन हात एवढेच भांडवल, त्याने कोणाकडे दाद मागावी? मातीच्या भांड्यातून चहा पिणाऱ्या बाळूंना माणूसपण हवे होते, तेच बाबासाहेबांना हवे होते. बाबासाहेबांना एवढेच दिसले की ते गुणांच्या मोबदल्यात मागायचे नसते. तथागतांच्या धम्मात ते जन्माने वा पराक्रमाने मिळवावे लागत नाही.

४ जुलै १९५५ रोजी बाळूंचे मुंबईत निधन झाले. त्यानंतर पंधरा महिन्यांनी नागपूरला धम्मदीक्षा झाली. ती पाहायला ते राहिले नाहीत.

शाळेत मुलांना बाळूंची गोष्ट सांगताना शिक्षकांनी ११४ हा आकडा जरूर सांगावा. त्याबरोबर ते मातीचे भांडेही सांगावे. आणि १९३७ ची निवडणूक लपवू नये.