भास्कराचार्य (द्वितीय)

भास्कराचार्य (जन्म : शके १०३६, इ.स. १११४) हे बाराव्या शतकातील गणिती व ज्योतिषशास्त्रज्ञ होते. सातव्या शतकातील त्याच नावाच्या गणितज्ञापासून वेगळे ओळखता यावे म्हणून त्यांना भास्कराचार्य द्वितीय असे म्हणतात. सिद्धान्तशिरोमणी हा त्यांचा प्रमुख ग्रंथ असून लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग होत. लांबी, क्षेत्रफळ आणि घनफळ ही तीन भिन्न जातींची परिमाणे आहेत, हे लीलावतीच्या आरंभीच्या व्याख्यांतून स्पष्ट होते. गोलाच्या पृष्ठफळाविषयी पूर्वाचार्य लल्ल यांच्याकडून झालेली चूक त्यांनी गोलाध्यायात दाखवून दिली. या ग्रंथांच्या महत्त्वाच्या सटीक आवृत्त्या विसाव्या शतकात पुण्यात प्रसिद्ध झाल्या.

जीवन

भास्कराचार्यांचे गोत्र शांडिल्य. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू होते. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडवीड हे आपले गाव असल्याचे ते सांगतात. त्याच्या स्थाननिश्चितीबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे इ.स. ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला आणि त्यावर वासनाभाष्य ही टीकाही स्वतःच लिहिली. करणकुतूहल हा पंचांगगणिताचा ग्रंथ ११८३ सालचा, म्हणजे एकोणसत्तराव्या वर्षीचा आहे.

लीलावती ही त्यांची कन्या होती आणि घटिकापात्रात मोती अडकल्याने तिचा विवाहमुहूर्त टळला, ही कथा सर्वश्रुत आहे. मात्र ती फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून पसरली. कोरीव लेखात उल्लेख आहे तो लक्ष्मीधर या पुत्राचा.

लीलावतीतील मापे

लीलावती हा ग्रंथ परिभाषेने, म्हणजे मापांच्या व्याख्यांनी सुरू होतो. आठ यवांच्या रुंदीचे एक अंगुल, २४ अंगुलांचा एक हस्त, चार हस्तांचा एक दंड, २,००० दंडांचा एक क्रोश आणि चार क्रोशांचे एक योजन, ही लांबीची मापे होत. जमिनीसाठी दहा हातांचा वंश घेतला आहे. प्रत्येक बाजू २० वंश असलेल्या चौरस क्षेत्राला निवर्तन म्हणतात. त्याचे क्षेत्रफळ ४०० चौरस वंश, म्हणजेच ४०,००० चौरस हात भरते. मराठी मुलखातील बिघाही ४०० चौरस काठ्यांचाच होता, हे साम्य लक्षणीय आहे.

घनफळाची व्याख्या विशेष महत्त्वाची आहे. लांबी, रुंदी आणि खोली प्रत्येकी एक हात असलेली, बारा कडांची आकृती म्हणजे घनहस्त. धान्य मोजताना त्यालाच मगध देशातील खारी म्हटले आहे. खारीचा सोळावा भाग द्रोण, द्रोणाचा चौथा आढक, आढकाचा चौथा प्रस्थ आणि प्रस्थाचा चौथा कुडव. म्हणून एका खारीत १,०२४ कुडव मावतात. बाजारातील धान्याचे माप अशा रीतीने थेट लांबीच्या मापाशी जोडले गेले.

या जोडणीचा उपयोग पुढील प्रकरणांत दिसतो. सपाट जमिनीवरील धान्याच्या राशीच्या परिघाचा सहावा भाग काढून त्याचा वर्ग करावा व त्याला उंचीने गुणावे, असा नियम आहे. जाड्या धान्याच्या राशीची उंची परिघाच्या दहाव्या भागाइतकी धरली आहे. त्यामुळे राशीचा परिघ ६० हात असेल तर उंची सहा हात व घनफळ ६०० घनहस्त, म्हणजे ६०० खारी येते. दोरीने घेर मोजला की धान्य कळते. येथे परिघ व्यासाच्या तिप्पट मानला आहे. ३९२७/१२५० हे सूक्ष्म गुणोत्तर भास्कराचार्यांनीच दिलेले असले, तरी खळ्यावर त्याची गरज नव्हती.

लाकूड कापण्याच्या हिशेबात एकक बदलताना घ्यावयाची काळजी दिसते. बुंध्याशी २० व शेंड्याशी १६ अंगुले जाडीचा, १०० अंगुले लांबीचा ओंडका चार ठिकाणी कापला, तर सरासरी जाडी १८ धरून कापाचे एकूण क्षेत्रफळ ७,२०० चौरस अंगुले होते. त्याचे चौरस हात करण्यासाठी २४ ने नव्हे, तर २४ च्या वर्गाने म्हणजे ५७६ ने भागावे लागते. उत्तर साडेबारा येते. शाळकरी विद्यार्थ्यांची आजही येथेच गफलत होते.

गोलाचे पृष्ठफळ

आठव्या शतकातील लल्ल यांनी पृथ्वीचा व्यास १,०५० योजने व परिघ ३,३०० योजने मानला होता. वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणून त्यांनी पृष्ठफळ काढले. ते सुमारे २८५ कोटी योजने आले. भास्कराचार्यांच्या मते परिघाला व्यासाने गुणले पाहिजे. लल्लांचेच आकडे घेतले तर असे उत्तर ३४,६५,००० येते. म्हणजे लल्लांचे उत्तर ८२५ पट मोठे होते.

आजच्या भाषेत सांगायचे तर क्षेत्रफळाला लांबीने गुणल्यास क्षेत्रफळ मिळतच नाही. योजनांऐवजी क्रोशांत मोजल्यास पृष्ठफळाचा आकडा १६ पट व्हायला हवा. लल्लांच्या रीतीने तो ६४ पट होतो. भास्कराचार्यांनी मात्र आक्षेप एककांवरून घेतला नाही, तर प्रत्यक्ष उपपत्तीने सिद्ध केला. गोलाच्या पृष्ठाचे त्यांनी आवळ्यावरील रेषांप्रमाणे उभे ९६ भाग कल्पिले आणि ज्यांच्या कोष्टकाच्या साहाय्याने एका भागाचे क्षेत्रफळ काढून सर्वांची बेरीज केली. घनफळासाठी, पृष्ठावर पाया व केंद्रात टोक असलेल्या सूचींनी गोल भरलेला मानला. प्रत्येक सूचीचे घनफळ पाया व उंची यांच्या गुणाकाराच्या तृतीयांश असल्याने, पृष्ठफळ गुणिले व्यास भागिले सहा हे सूत्र मिळते. पृथ्वीचा परिघ ४,९६७ योजने धरून त्यांनी तिचे पृष्ठफळ ७८,५३,०३४ योजने दिले आहे.

पाटणचा मठ आणि पुण्यातील आवृत्त्या

लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी पंडित होते. त्यांचे पुत्र चांगदेव सिंघण राजाचे ज्योतिषी झाले. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवांनी खानदेशात, चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापला. १२०७ सालच्या दानाचा तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्याचा अखेरचा भाग जुन्या मराठीत असून, गावात जे काही मोजले जाईल ते मठाच्या मापाने मोजावे, असे त्यात फर्मावले आहे.

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झालेल्या भारतीय ज्योतिषशास्त्र या ग्रंथात भास्कराचार्यांच्या कार्याचे विवेचन केले. पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेने गणेश दैवज्ञांच्या बुद्धिविलासिनी टीकेसह लीलावती १९३७ मध्ये छापली. पुढे वासनाभाष्यासह गोलाध्यायही प्रकाशित केला. या आवृत्त्यांचे संपादन दत्तात्रेय विष्णु आपटे यांनी केले. ना. ह. फडके यांचे लीलावती पुनर्दर्शन हे मराठी भाषांतर १९७१ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाले.