कर्मयोगी श्री गाडगेबाबा : घेणे भाकरीपुरते, देणे सर्वांसाठी

महाराष्ट्र ही संतांची भूमी. या भूमीत कोणी अभंग रचले, कोणी ग्रंथ लिहिले, कोणी मठ स्थापिले. श्री गाडगेबाबांनी यांपैकी काहीच केले नाही. शाळेची पायरी त्यांनी कधी चढली नाही आणि कोणाला शिष्य म्हणून जवळ केले नाही. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा आणि पाणी प्यायला व भाकरी घ्यायला मडक्याचे एक खापर, एवढाच त्यांचा संसार. तरीही गोरगरिबांसाठी त्यांनी उभ्या केलेल्या धर्मशाळा, घाट आणि अन्नछत्रे पाहिली म्हणजे एखाद्या राजालाही साधणार नाही असे कार्य या निष्कांचन पुरुषाने केले, हे पटते.

बाबांचा जन्म दि. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनापायी १८८४ साली निवर्तले. त्या वेळी डेबूजी अवघे आठ वर्षांचे होते. घर उघड्यावर पडले. मातोश्री सखूबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूरजवळील दापुरे या आपल्या माहेरी आल्या.

दापुरे येथेच डेबूजींना खऱ्या ग्रामजीवनाची गोडी लागली. मामांची गुरे राखणे हे त्यांचे पहिले काम. गुरे चारावीत, त्यांना नदीवर धुवावे, दुपारी झाडाच्या सावलीत फडक्यातील ज्वारीची भाकरी सोडून सवंगड्यांबरोबर वाटून खावी, असा त्यांचा दिवस जाई. पुढे त्यांनी नांगर धरला, वखर हाकला, पेरणी केली. वऱ्हाडच्या काळ्या मातीत राबणारा हा तरुण अंगाने दणकट आणि पोहण्यात पटाईत होता. रात्री गावातील भजनात तो रंगून जाई. कष्टाची भाकरी, मायेची माणसे आणि रात्रीचे भजन यांपलीकडे माणसाला सुखासाठी फारसे काही लागत नाही, ही गोष्ट ते याच दिवसांत शिकले आणि जन्मभर विसरले नाहीत.

परंतु हे साधे सुख किती सहज हिरावले जाते, हेही त्यांनी तेथेच पाहिले. मामांच्या शेतीवर सावकाराच्या कर्जाचा बोजा चढला. अडाणीपणामुळे कागदावर काय लिहिले आहे ते घरात कोणाला कळले नाही, आणि राबून पिकविलेली जमीन हातची गेली. व्यसनाने वडील नेले, कर्जाने जमीन नेली. हे दोन घाव डेबूजींच्या मनावर कायमचे कोरले गेले. पुढे त्यांच्या कीर्तनांतून दारू सोडा, कर्ज काढून सण व लग्ने करू नका, पोटाला चिमटा घ्या पण मुलांना शिकवा, असा जो उपदेश घडे, त्याच्यामागे हा स्वतः सोसलेला अनुभव होता.

त्यांचा विवाह १८९२ साली कुंताबाईंशी झाला. मुलीच्या बारशाला त्या काळच्या रिवाजाप्रमाणे भावकीला मटण आणि दारूचे जेवण घालावे लागे. डेबूजींनी तो रिवाज मोडून सर्वांना गोडाचे जेवण दिले. भावकी नाराज झाली, पण ते डगमगले नाहीत. शेजाऱ्याला जेवू घालावे ते त्याचे भले व्हावे म्हणून. ज्या जेवणाने यजमान कर्जात बुडतो आणि पाहुणा व्यसनात बुडतो, त्याला आदरातिथ्य कसे म्हणावे, हा त्यामागील विचार होता.

दि. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. त्यानंतर सुमारे पन्नास वर्षे ते गावोगाव फिरत राहिले. त्यांची रीत ठरलेली असे. गावात शिरले की आधी खराटा हाती घेऊन रस्ते झाडावयाचे. कोणाच्या शेतात काम दिसले तर त्याला हात लावावयाचा, आणि मग त्या कष्टाच्या मोबदल्यात खापरात भाकरी व चटणी मागून घ्यावयाची. फुकटचे अन्न त्यांना वर्ज्य होते. सकाळपासून झाडत असलेला हा चिंध्यांतला माणूस रात्री कीर्तनाला उभा राहिला म्हणजेच अनेकांना कळे की हेच गाडगेबाबा. कोणी पाया पडू लागला तर ते काठी उगारत. हार-तुरे त्यांनी कधी स्वीकारले नाहीत.

बाबांच्या कार्याचा आरंभ पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन येथे झाला. पौष महिन्यात तेथे यात्रा भरते. नदीकाठच्या चिखलात म्हातारी माणसे, बायका-मुले घसरून पडत. बाबांनी त्यांना हात देऊन वर काढले, आणि पुढे १९०८ साली तेथे घाट बांधविला. यात्रेकरूंचे हाल पाहून हळहळणारे पुष्कळ असतात. वाट करून देणारा विरळा.

यानंतर त्यांच्या शब्दाखातर दानाचा ओघ सुरू झाला. १९१७ साली पंढरपूर येथे चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. विठ्ठलाच्या दारी येऊनही अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना त्या काळी निवारा मिळत नसे. ती उणीव बाबांनी भरून काढली. १९४९ साली त्यांनी ही वास्तू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. नाशिक, देहू, आळंदी येथेही धर्मशाळा झाल्या. मूर्तिजापूर येथे गोरक्षणाचे काम उभे राहिले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाजवळ दूरगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी १९५४ साली धर्मशाळा झाली. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या शिक्षणकार्याशी बाबांचा निकटचा स्नेह होता. रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कराड येथे सुरू केलेल्या महाविद्यालयास बाबांचेच नाव दिले.

बाबांच्या शब्दावर लोकांनी इतका पैसा दिला, तो का, याचा विचार प्रत्येक देणगीदाराने आणि प्रत्येक विश्वस्ताने करावा असा आहे. देणाऱ्याची खात्री होती की आपल्या रुपयातील एक पैही या माणसाच्या घरी जाणार नाही. लक्षावधी रुपयांच्या इमारती उभ्या राहिल्या, पण बाबांची पत्नी आणि आई साध्या झोपडीत राहिल्या. आपल्या आप्तांनी या वास्तूंवर हक्क सांगू नये याविषयी ते अत्यंत कठोर होते. या कठोरपणाची किंमत त्यांच्या घरच्यांनी मोजली, हेही विसरून चालणार नाही. दि. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना होऊन या सर्व कार्यास कायमची व्यवस्था लाभली.

देव दगडात शोधण्यापेक्षा भुकेल्या आणि नडलेल्या माणसात पाहावा, अशी बाबांची शिकवण होती. देवळाच्या नावाने होणारा बडेजाव, नवस आणि पशुबळी यांवर त्यांनी कीर्तनांतून परखड टीका केली. तरीही यात्रेची वाट त्यांनीच सुगम केली, आणि वारकऱ्याच्या डोक्यावर छप्परही त्यांनीच घातले. मंदिराच्या पायरीवर आलेल्या कोणत्याही माणसाला पाणी मिळावे, सावली मिळावी आणि भुकेल्याने उपाशी परत जाऊ नये, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

दि. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असताना वलगावनजीक पेढी नदीच्या परिसरात बाबांनी देह ठेवला. अमरावती येथे त्यांची समाधी आहे. महाराष्ट्र शासनाने २०००-०१ पासून सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानास त्यांचे नाव दिले. अमरावतीचे विद्यापीठही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

जीर्णोद्धाराच्या कार्यात कोणी हजारांची देणगी देतो, कोणी पायलीभर धान्य देतो, कोणी चार दिवस मातीच्या पाट्या वाहतो. बाबांच्या लेखी या सर्वांचे मोल सारखेच होते. किंबहुना ज्याच्याजवळ देण्यासारखे काही नाही, त्याच्या हाती ते खराटा देत आणि त्यालाही दात्यांच्या पंक्तीत बसवीत. कळस चढल्यानंतरही मंदिराचे अंगण रोज झाडले जावे, आणि वाटसरूला तेथे अर्धी भाकरी मिळावी. ज्या गावात हे घडेल त्या गावात गाडगेबाबा आजही वावरतात, असे समजण्यास हरकत नाही.